होस्टेलात सिगारेट सोडणाऱ्यांचा गट: साडेपाचच्या टपरीचं काय करायचं?

पायवाट (सोमवार, रात्री ९:१०)

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या होस्टेलात सिगारेट सोडू पाहणाऱ्या मुलांचा मदतगट सुरू करायचा ठरतोय. गट मुलंच चालवणार. रेक्टर आणि एनएसएसच्या सरांचा होकार आहे. आत्तापर्यंत १४ जणांनी नावं दिली आहेत, बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे. व्याख्यान, पोस्टर, ३१ मेची (तंबाखूविरोधी दिनाची) शपथ हे सगळं दरवर्षी होतं. त्याने सुटल्याचं काही दिसत नाही.

माझ्या मते अडचण अशी आहे. साडेपाचला प्रॅक्टिकल सुटलं की सगळे टपरीवर. एक कटिंग, दोघांत एक सिगारेट, कुणाची जर्नल कुठल्या सरांकडे अडकली त्याची बातमी, रात्री कुणाच्या खोलीवर अभ्यास त्याचं ठरणं. दिवसातली सगळ्यात मोकळी पंचवीस मिनिटं तीच. 'सिगारेट सोड' म्हटलं की मुलाला 'तिथे येऊ नकोस' असंच ऐकू येतं. मग गटाने साडेपाचला काय द्यायचं, हा माझा मुख्य प्रश्न.

शिवाय गट किती जणांचा, किती आठवडे, सोडायची तारीख सगळ्यांची एकच की ज्याची त्याची, व्हॉट्सअ‍ॅप गट करावा का, निकोटिनची च्युइंगगम गटात वाटावी का, हेही हवं आहे. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी बारीकसारीक लिहावं, ही विनंती.

तिसरा_मजला (सोमवार, रात्री १०:०२)

१४ नावं म्हणजे पहिल्या बैठकीला १०-११, तिसरीला ७-८. हा हिशोब आधीच मनात धरा, म्हणजे गळती बघून चालवणाऱ्यांचं अवसान जाणार नाही. ८ ते १२ चा गट बरा. पाचाच्या खाली गेला की दोघं गैरहजर असताना बैठक भरत नाही. पंधराच्या वर गेला की दोघंतिघंच बोलतात.

गट बंद ठेवा, म्हणजे एकदा सुरू झाला की मधे नवा माणूस नाही. सोडून १२ दिवस झालेला मुलगा आणि अजून 'सोडू की नको' म्हणणारा मुलगा एकत्र बसले, की सगळी चर्चा त्या दुसऱ्याभोवती फिरते आणि पहिल्याची तलफ जागी होते. नवीन येणाऱ्यांची यादी करा, पुढच्या फेरीत घ्या.

सात आठवडे, आठवड्याला एक बैठक, एकच तारीख. पहिल्या दोन बैठका तयारीच्या, तिसऱ्या बैठकीत सगळ्यांनी मिळून सोडायचं, पुढच्या चार टिकवायच्या. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतले सोडगट साधारण असेच चालतात. एकत्र तारखेचा फायदा असा की तिसऱ्या दिवसाची चिडचिड सगळ्यांना एकाच दिवशी होते, त्यामुळे 'मलाच काहीतरी होतंय' असं कुणाला वाटत नाही.

पहिल्या बैठकीच्या आधी प्रत्येकाशी एकट्याने पंधरा मिनिटं बोला. त्यात दोन प्रश्न चुकवू नका. उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळात? पाच मिनिटांत ३ गुण, अर्ध्या तासात २, तासाभरात १, त्यानंतर ०. दिवसाला किती? दहापर्यंत ०, वीसपर्यंत १, तीसपर्यंत २, त्यावर ३. बेरीज ४ च्या पुढे गेली तर निकोटिनची पकड घट्ट आहे. त्या मुलाला नुसत्या गटावर ठेवू नका, डॉक्टरांकडे पाठवा. होस्टेलातल्या बऱ्याच जणांची बेरीज ० किंवा १ येते. दिवसाला चार, पहिली अकराच्या सुट्टीत. त्यांची सवय माणसांना आणि वेळेला चिकटलेली असते. त्यामुळे तुमचा साडेपाचचा प्रश्न बरोबर जागी आहे.

गुलबक्षी (सोमवार, रात्री १०:४५)

रेक्टरांचा होकार चांगला आहे, पण रेक्टर बैठकीत नकोत. नावांची यादीही त्यांच्याकडे नको. होस्टेलात सिगारेट सापडली तर दंड, घरी फोन, कधी खोली काढून घेणं, हे अधिकार ज्याच्या हातात आहेत त्याच्यासमोर कुणी 'काल तीन ओढल्या' असं खरं सांगेल का? लेखी ठरवून घ्या: गटात सांगितलेली गोष्ट शिस्तभंगासाठी वापरली जाणार नाही. एका कागदावर दोन ओळी आणि रेक्टरांची सही एवढं पुरतं. हजेरीत रोल नंबर नको, टोपणनाव किंवा आकडा ठेवा.

याला अपवाद एकच, तोही पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगायचा. कुणी जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर ते गटात दाबून ठेवायचं नाही. सोडल्यावर उदासपणा येतो, आणि आधीपासून नैराश्य असलेल्या मुलाकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चालवणाऱ्यांना पाठ हवा.

मुलींबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत. मुलींचा वेगळा गट करा, चालवणारीही मुलगीच. मुलगी ओढते हे कळलं की चर्चा फुफ्फुसांवरून तिच्या वळणावर जाते, म्हणून ती मिश्र गटात नावच देत नाही. आणि मुली टपरीवर उभ्या राहून कमी ओढतात. गच्ची, बाथरूम, मैत्रिणीची खोली. निमित्तं वेगळी, तेव्हा उपायही वेगळे.

पायवाट (सोमवार, रात्री ११:०५)

@गुलबक्षी, सहीच्या कागदाचं उद्याच बघतो. मुलींच्या होस्टेलच्या प्रतिनिधींशीही बोलतो. हे सुचलंच नव्हतं, खरंच आभार.

निळी_शाई (मंगळवार, सकाळी ८:२०)

एवढं सगळं करण्यापेक्षा टपरी हलवा की! २००३ च्या कायद्याप्रमाणे शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, तंबाखूविक्रीला बंदीच आहे. सुटी सिगारेट विकायला महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून मनाई आहे. या दोन गोष्टी पाळल्या गेल्या तर वीस रुपयांत एक सिगारेट मिळणार नाही, आणि अख्खं पाकीट घ्यायला महिनाअखेरीला पैसे कुणाकडे असतात? गट म्हणजे गळक्या टाकीखाली बादली लावणं आहे.

तिसरा_मजला (मंगळवार, सकाळी ९:१५)

@निळी_शाई, कायदा हवाच, त्यासाठी कॉलेजने लेखी तक्रार करावी. पण ते काम गटाचं नाही. गटातल्या मुलांनी टपरीवाल्याविरुद्ध अर्ज केला असं बाहेर पसरलं तर त्या मुलांना होस्टेलात राहणं अवघड होईल, आणि पुढच्या फेरीला नाव कोण देणार? तक्रार प्रशासनाने करायची, गटाने सोडायला मदत करायची. दोन्ही एकाच माणसाच्या हातात देऊ नका.

सुट्या सिगारेटचा मुद्दा मात्र गटासाठी फार महत्त्वाचा आहे. परदेशी पुस्तिकांत लिहिलेलं असतं, पाकिटं फेका, अ‍ॅश-ट्रे फेका. आपल्याकडे मुलाजवळ पाकीट नसतंच. त्याच्याकडे असतं ते टपरीवरचं उधारीचं खातं. वहीच्या एका पानावर त्याचं नाव आणि खोली नंबर. म्हणून सोडायच्या तारखेच्या आदल्या दिवशी ती उधारी चुकती करायची आणि पानावर काट मारून घ्यायची. दोघांनी मिळून जायचं. पैसे द्यायचे, निघायचं, 'शेवटची एक' घ्यायला थांबायचं नाही. हे केलं नाही तर पंधराव्या दिवशी 'तेवढे साठ रुपये देऊन येतो' म्हणून गेलेला मुलगा ओढूनच परततो.

दुसरं, क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सेवेचा, नंबर पाकिटावर छापलेला असतो. सुटी घेणाऱ्याच्या नजरेस तो कधीच पडत नाही. १८००-११-२३५६, फुकट आहे. सकाळी ८ ते रात्री ८, सोमवारी बंद. प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्याच बैठकीत साठवून घ्या.

औषधी_कप्पा (मंगळवार, दुपारी १:३०)

गमबद्दल. गटात गम वाटू नका. कुणी किती घ्यायची हे मुलांनी ठरवायचं काम नाही. पण ती वापरायची कशी हे गटाने नक्की शिकवावं, कारण बहुतेक जण ती चुकीची चघळतात आणि 'काही उपयोग नाही, उलट मळमळतं' म्हणून दोन दिवसांत टाकून देतात.

२ मिलिग्रॅमची गम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते, ४ ला चिठ्ठी लागते. उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागणाऱ्याला २ ची बहुधा कमी पडते, त्याने डॉक्टरांना विचारावं. अठरा पूर्ण नसलेल्या, हृदयाचा त्रास असलेल्या किंवा गरोदर व्यक्तीने विचारल्याशिवाय घेऊच नये.

चघळायची अशी: हळूहळू आठ-दहा वेळा चावायची. तोंडात मिरमिरलं, तिखटसर लागलं की थांबायचं आणि गाल व हिरडी यांच्या मधे दाबून ठेवायची. मिरमिर गेली की पुन्हा थोडं चावायचं, बाजू बदलून पुन्हा ठेवायची. अर्धा तास हेच. निकोटिन गालाच्या आतल्या त्वचेतून शिरतं. साध्या च्युइंगगमसारखी भराभर चावली की ते लाळेबरोबर पोटात जातं आणि तिथून उचकी, घशात आग, मळमळ.

चहा, कॉफी, लिंबू सरबत, कोल्ड्रिंक यांनी तोंड आंबट होतं आणि निकोटिन नीट शोषलं जात नाही. म्हणून आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत फक्त पाणी. होस्टेलात नेमकं इथेच घोडं अडतं, एका हातात कटिंग आणि तोंडात गम.

पहिले सहा आठवडे दर तास-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे तलफ चढल्यावर घेणं. परिणाम व्हायला काही मिनिटं लागतात, तोवर पाय टपरीकडे वळलेले असतात. साडेपाचची वेळ माहीत आहे ना? मग सव्वापाचला तोंडात हवी.

दिवसाला तीन-चार ओढणाऱ्याला बहुतेक वेळा गमची गरज पडत नाही. दुसऱ्याने घेतली म्हणून त्याने सुरू करू नये.

खडीसाखर (मंगळवार, दुपारी ३:१०)

औषधी_कप्पा यांच्या यादीत एक भर. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निचरा जास्त वेगाने करतं. सिगारेट बंद झाली की तो वेग उतरतो आणि तेवढ्याच चहा-कॉफीचं कॅफिन रक्तात जास्त वेळ राहतं. धडधड, हात थरथरणं, रात्री झोप न लागणं. मुलाला वाटतं सिगारेट सोडल्याने हे होतंय, आणि तो एक ओढून बघतो. गम चालू असली तरी हे होतं, कारण तो परिणाम निकोटिनचा नसून धुराचा. सोडायच्या तारखेपासून चहा-कॉफी निम्म्यावर आणा, रात्री जागायला घेतलेली कॉफी तर आधी कमी करा.

तोंडाला चाळा म्हणून बडीशेप, लवंग, वेलची, ज्येष्ठमधाची काडी ठीक. सुपारी नको, कुठल्याच रूपात. सुपारी स्वतःच कर्करोग करते, त्यात तंबाखू असो वा नसो. 'हर्बल' सिगारेटही नको. पान कुठलंही जळलं तरी धूर तो धूरच, आणि हात-तोंडाची सवय तशीच राहते. व्हेप म्हणाल तर २०१९ पासून देशात विकायलाही बंदी आहे, बाळगून वाटणं हाही गुन्हा होऊ शकतो. गटात त्याचा व्यवहार होता कामा नये.

वर्धेकर (मंगळवार, सायंकाळी ६:४०)

धाग्याचं नाव 'सिगारेट सोडणाऱ्यांचा' आहे, तिथेच बदल सुचवतो. गटाचं नाव 'तंबाखू सोडणाऱ्यांचा' ठेवा. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात ओढणारे ३.८ टक्के होते आणि धुराविना तंबाखू घेणारे २४.४ टक्के! होस्टेलात सिगारेट दिसते, खर्रा दिसत नाही. विदर्भातली पोरं पुण्यात येताना खर्ऱ्याची सवय घेऊनच येतात, नगर-सोलापूरकडची मावा घेऊन. लॅबमध्ये, लेक्चरला, अगदी लायब्ररीतही गालात ठेवता येतो.

नुसता सिगारेटचा गट काढला तर काय होतं? तारखेनंतर दोन-तीन मुलं गुपचूप माव्यावर जातात आणि गटात सांगतात, 'एकवीस दिवस झाले, एकही नाही.' खोटं बोलत नाहीत ती, प्रश्नच तेवढा विचारला जातो. दर बैठकीत विचारताना तीनही नावं घ्या: ओढली का, खाल्ली का, दुसरं काही लावलं का. दात घासायची मिश्रीसुद्धा.

आणि खर्रा सोडणाऱ्याची गंमत नका करू रे. सिगारेटवाली पोरं त्याला गावठी समजतात, तो दुसऱ्या बैठकीपासून येत नाही.

मोजपट्टी (मंगळवार, रात्री ८:५५)

वर्धेकरांचा मुद्दा मोजमापालाही लागू होतो. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र मिळालं तर गटाला फार बळ येतं. जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्राला किंवा जवळच्या दंतमहाविद्यालयाला विचारून बघा, त्यांच्याकडे असेल तर माणसासह बोलवा. पण ते फक्त धूर पकडतं, मावा-खर्रा अजिबात नाही.

दीर्घ श्वास घेऊन पंधरा सेकंद धरायचा, मग यंत्रात सावकाश पूर्ण सोडायचा. १० पीपीएमच्या (दहा लाख भागांत दहा) खाली म्हणजे गेल्या काही तासांत ओढलेली नाही असं धरतात. रक्तातला हा वायू चार-पाच तासांत निम्मा होतो, म्हणून सकाळचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा यांची तुलना निरर्थक. दरवेळी एकाच वेळी मोजा. दिवसाला तीन ओढणाऱ्याचा आकडा सकाळी तसाही खालीच येईल, त्यावरून त्याला शाबासकी देऊ नका. हुक्का ओढला तर मात्र आकडा पुष्कळ वर जातो. काही यंत्रं हायड्रोजनलाही फसतात, त्यामुळे दूध न पचणाऱ्याचा आकडा उगाच चढू शकतो. एवढ्यावरून मुलाला खोटारडा ठरवू नये. यंत्र त्याच्या स्वतःसाठी आहे, २२ वरून ४ वर आलेला आकडा त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसावा म्हणून.

यश कसं मोजायचं तेही आधीच ठरवा. शेवटच्या बैठकीला आलेल्या सहांपैकी पाच जणांची सुटली म्हणून '८३ टक्के यश' असं एनएसएसच्या अहवालात लिहू नका. सोडायची तारीख ठरवणारे १० होते ना? मग दहापैकी पाच. जो दिसेनासा झाला तो ओढतो आहे असंच धरायचं. कठोर वाटेल, पण पुढच्या वर्षी गट चालवणाऱ्याला खरा आकडा मिळायला हवा. आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.

सायंतारा (मंगळवार, रात्री १०:३०)

व्हॉट्सअ‍ॅप गट करा, पण तो गप्पांचा होऊ देऊ नका. तीन आठवड्यांत गुड मॉर्निंग, मीम आणि क्रिकेटमध्ये बुडून जातो, सगळे तो म्यूट करतात, आणि नेमकी रात्री साडेअकराला कुणाला तलफ आली की त्याचा मेसेज कुणी बघत नाही.

एकच शब्द ठरवा, 'लाल'. 'लाल' दिसला की जो कुणी जागा असेल त्याने टाइप करत न बसता सरळ फोन करायचा किंवा खोलीवर जायचं. एक तलफ साधारण पाच-दहा मिनिटं टिकते, मग उतरते. पंधरा मिनिटांनी आलेलं 'काय झालं भावा' निरुपयोगी. फोनवर उपदेश नको. दोघांनी पाणी घ्यायला मजल्याच्या टोकाला जायचं, जिने चढून उतरायचे, एक पाणी-ब्रेक झाला की वेळ निघून जाते. सिगारेटचे फोटो, धुराचे स्टिकर, 'आज मरतोय यार' हे गटात टाकायचं नाही. एकाची तलफ दहा जणांना लागते.

दिवस मोजायचे तक्ते भिंतीवर लावू नका, ही कळकळीची विनंती. ३४ दिवसांचा आकडा शून्यावर जाईल या भीतीने घसरलेला मुलगा सांगतच नाही, आणि लपवलेल्या एकीच्या दोन, दोनाच्या चार होतात. घसरणं आणि परत सुरू करणं यांत फरक आहे. एक ओढली तर त्याच रात्री सांगायचं, कुठे, कोणाबरोबर, किती वाजता, हातात कुणी दिली. पुढच्या बैठकीत त्या एका प्रसंगावर दहा मिनिटं. 'का ओढलीस' असं विचारायचं नाही, 'हातात येण्याआधीची पाच मिनिटं सांग' असं विचारायचं. उत्तर बहुतेक वेळा 'दोन कश दे ना' असतं. विकत घेतलेली नसतेच. म्हणून दुसऱ्या बैठकीत नकार देण्याचा सराव करून घ्या, खरंच उभं राहून. एकाने सिगारेट असल्यासारखी बोटं पुढे करायची, दुसऱ्याने चार शब्दांत संपवायचं: 'नको, मी सोडली आहे.' घसा खराब आहे, आज मूड नाही, असली कारणं दिली की समोरचा उद्या पुन्हा विचारतो.

अक्षरओळख (मंगळवार, रात्री ११:१०)

जोड्या लावा. प्रत्येकाला एक सोबती. आणि प्रत्येकाकडून ५०० रुपये अनामत, सुटली तर परत. पैसे अडकले की माणूस जागा राहतो.

खडीसाखर (बुधवार, सकाळी ७:५०)

@अक्षरओळख, दोन्हींशी असहमत, कारणांसकट.

जोडीतला एक घसरला की दुसरा एक-दोन दिवसांत त्याच्याबरोबर उभा असतो, विशेषतः रूममेट असतील तर. सोबती नेमल्याने सुटण्याचं प्रमाण वाढतं असं अभ्यासांत ठळकपणे दिसलेलं नाही. गटाने बैठका घेतल्याचा फायदा मात्र दिसला आहे, आपापलं वाचून सोडण्याच्या तुलनेत जवळजवळ दुप्पट. जोडीऐवजी तिघांची टोळी करा, एकाच खोलीतले दोघं एका टोळीत नकोत. एक पडला तरी दोघं उरतात.

अनामतीचं म्हणाल तर अमेरिकेत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बक्षिसाची योजना ९० टक्के लोकांनी स्वीकारली, स्वतःचे पैसे अडकवायची योजना जेमतेम १३.७ टक्क्यांनी. ज्यांनी स्वीकारली त्यांना फायदा झाला, पण दारातूनच परत गेलेल्यांचं काय? होस्टेलात ५०० रुपये म्हणजे काहींचा आठवड्याचा खर्च. ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच नाव देणार नाही.

अक्षरओळख (बुधवार, सकाळी ९:००)

तिघांची टोळी पटली. अनामतीचा हट्ट सोडतो. पण वाचलेले पैसे दिसावेत असं काहीतरी ठेवा. दिवसाला पाच, एकीचे वीस रुपये धरले तर महिन्याचे तीन हजार. प्रत्येकाने रोज तेवढे वेगळ्या यूपीआय खात्यात किंवा डब्यात टाकावेत. पैसे स्वतःचेच, ताबाही स्वतःचाच.

खडीसाखर (बुधवार, सकाळी ९:२५)

हे उत्तम. डबा कुलुपाचा असेल तर अजून बरं.

एसटीची_खिडकी (बुधवार, दुपारी १२:१५)

तारखेबद्दल कुणी नीट लिहिलं नाही. सगळ्यात जास्त त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत, चिडचिड आणि लक्ष न लागणं दोन ते चार आठवडे. म्हणजे सबमिशन, व्हायवा, इन-सेम यांच्या आदल्या दोन आठवड्यांत तारीख अजिबात नको. १५ ऑगस्टनंतर पहिली बैठक घेतलीत तर सोडायची तारीख सप्टेंबरच्या सुरुवातीला येईल आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या परीक्षेपर्यंत डोकं ताळ्यावर आलेलं असेल. दिवस सोमवार नको, क्विटलाइन तेव्हाच बंद असते. गुरुवार ठेवा: दोन दिवस कॉलेजच्या धबडग्यात जातात, तिसरा अवघड दिवस शनिवारी येतो, तेव्हा तिघं मिळून सकाळी सिंहगड चढायला जा. गणपतीचं वेळापत्रक बघून घ्या. रात्रभर मंडपात बसायचं असेल तर तो आठवडा टाळा.

कमी करत करत सोडू, असं अर्धे तरी म्हणतील. इंग्लंडमधल्या २०१६ च्या अभ्यासात एका झटक्यात सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चौथ्या आठवड्याला टिकून होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९. तेव्हा दोन आठवडे तयारीचे, त्यात कमी करण्याची सक्ती नाही, फक्त टिपण: किती वाजता, कोणाबरोबर, चहा होता का. तारखेला मात्र पूर्ण बंद.

आता सगळ्यात फसवी जागा, दिवाळी. घरी गेलेला मुलगा पंधरा दिवस ओढत नाही, आईवडील असतात, आठवणही फारशी येत नाही. त्याला वाटतं सुटली. परतीची एसटी स्वारगेटला थांबते, बॅग खांद्यावर घेऊन तो होस्टेलच्या कोपऱ्यावर येतो, तिथे तेच तिघं उभे, 'अरे आला का, ये ये!', आणि पहिल्या दहा मिनिटांत हातात सिगारेट. घरी सवय मोडलेली नसते, फक्त निमित्तं नसतात. म्हणून गटाची आठवी, जादा बैठक दिवाळीनंतर कॉलेज उघडतं त्याच संध्याकाळी ठेवा. आणि टोळीतल्या दोघांनी तिसऱ्याला बसथांब्यावर घ्यायला जावं. फराळाचा डबा बॅगेतून काढायची जागा टपरी नको, खोली असू दे.

निळी_शाई (बुधवार, दुपारी २:४०)

धागा वाचून मत थोडं बदललं. बादलीही लागतेच. कॉलेजकडे १०० यार्डांच्या पिवळ्या पट्ट्याची (तंबाखूविक्रीबंदीची हद्द दाखवणाऱ्या) मागणी वेगळी करावी, गटाचं नाव न घेता. तिसरा_मजला, तुमचा मुद्दा पटला.

पण पायवाट यांच्या मूळ प्रश्नाला अजून कुणी हात घातलेला नाही. साडेपाचला काय?

तिसरा_मजला (बुधवार, दुपारी ४:०५)

बरोबर धरलंत. माझं उत्तर असं.

आठवड्याची बैठक वेगळी, आणि साडेपाचचा कट्टा वेगळा. कट्टा रोजचा, सोडायच्या तारखेपासून पहिले २१ दिवस तरी, रविवारीसुद्धा. जागा अशी हवी की प्रॅक्टिकल सुटल्यावर तिथे पोचायला टपरीसमोरून जावं लागणार नाही. लॅबच्या मागच्या दाराने मैदानाच्या पायऱ्या असतील तर त्या. प्रत्येक टपरीवर एक लायटर दोरीला बांधून लटकवलेला असतो. नुसता तो दिसला, त्याचा खटका ऐकू आला, तरी तलफ उठते. पहिले तीन आठवडे रस्ता बदलणं हा कमकुवतपणा नाही, ती युक्ती आहे.

कट्ट्यावर अजेंडा नको, हजेरी नको, 'कसं वाटतंय' नको. टपरीवर जे मिळत होतं तेच मिळालं पाहिजे: चहा, जर्नलच्या बातम्या, टवाळक्या. न ओढणारे मित्रही येऊ द्या. ओढणारा मित्र आला तर तोही येऊ दे, तिथे पेटवायची नाही एवढंच. नाहीतर सोडणारे एकीकडे आणि उरलेले टपरीवर असे दोन तट पडतात, आणि माणूस शेवटी मित्रांकडेच जातो.

हाताला काम द्या. शेंगदाणे आणा, टरफलासकट. सोलायला वेळ लागतो, दोन्ही हात गुंततात, आणि पोटही भरतं, कारण भूक वाढतेच. वडापाव रोज नको, वर्षभरात चार-पाच किलो वजन वाढणं सर्रास दिसतं. कॅरम असेल तर सोन्याहून पिवळं.

औषधी_कप्पा (बुधवार, सायंकाळी ५:२०)

पायऱ्यांवर चहा म्हणजे गमवाल्यांची पंचाईत. त्यांच्यासाठी क्रम उलटा करा. त्यांनी पावणेपाचला, प्रॅक्टिकल चालू असतानाच, गम गालात ठेवावी. सव्वापाचला ती संपते. साडेपाचला चहा प्यायला मोकळे.

पायवाट (बुधवार, रात्री ९:३५)

सगळं उतरवून घेतलं. ठरलेलं असं: नाव 'तंबाखू सोडणाऱ्यांचा गट', १०-१२ जण, तिघांच्या टोळ्या, रेक्टरांच्या सहीचा कागद, मुलींचा गट वेगळा. सात बैठका आणि दिवाळीनंतरची आठवी. सोडायची तारीख सप्टेंबरच्या पहिल्या गुरुवारी, उधारी बुधवारी चुकती.

मैदानाच्या पायऱ्या लॅबच्या मागच्या दाराने चार मिनिटांवर आहेत, पण ते दार पाचला बंद होतं. शिपाईकाकांशी बोललो. पावणेसहापर्यंत उघडं ठेवायला तयार आहेत, म्हणाले, 'किल्ली माझ्याकडेच असते, फक्त एचओडींची चिठ्ठी आणा.' चिठ्ठी उद्या घेतो. मेसच्या मावशींनी थर्मास द्यायचं कबूल केलंय, पंधरा कटिंग मावतील असा. राहिले शेंगदाणे. रोज किती लागतील?

वर्धेकर (बुधवार, रात्री ९:५०)

बारा पोरांना टरफलासकट एक किलो धरा. आणि टरफलं टाकायला एक पिशवी न्या, नाहीतर शिपाईकाका तिसऱ्या दिवशी दार लावून घेतील.